केसपेपरवर नसलेला प्रश्न



लसीकरणावर व्याख्यान आहे म्हटल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना बाळच आठवलं असणार. आईच्या मांडीवरचं, सुई लागल्यावर क्षणभर श्वास रोखून मग एकदम भोकाड पसरणारं. त्या बाळाकडे मी येणारच आहे, पण आधी त्याच्या आजोबांविषयी बोलायचं आहे. आजोबांना बारा-पंधरा वर्षांचा मधुमेह. दर महिन्याला ते सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येतात. सकाळी आठला केसपेपर काढतात, साखर तपासून घेतात, गोळ्यांच्या रांगेत उभे राहतात आणि एकच्या एसटीने गावी परततात. वर्षातून बारा वेळा डॉक्टरसमोर बसणारा हा माणूस. 'आजोबा, न्यूमोनियाची लस घेतली आहे का?' असं त्यांना कुणी कधी विचारलं असेल, याची मला शंका आहे. आमच्या केसपेपरवर नाव, वय, गाव, व्यवसाय, बिडी, तंबाखू, दारू, ॲलर्जी या सगळ्यांना जागा आहे. लशीला नाही.

२०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या लोकांची एक मोठी आरोग्य पाहणी झाली. तिच्यात फ्लूची लस कधीतरी घेतलेले दोन टक्केही भरले नाहीत, न्यूमोनियाची लस घेतलेले एक टक्काही नाहीत. हे आकडे दाखवून कुणी म्हणालं की आपले लोक लस नाकारतात, तर मला ते पटणार नाही. नाकारायला आधी ती कुणीतरी समोर ठेवावी लागते. आजचं माझं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे. रुग्णालयाच्या ओपीडीत लशीचा प्रचार म्हणजे जिन्यावरचं पोस्टर आणि जागतिक आरोग्य दिनाची फेरी असं आपण धरून चाललो आहोत. माझ्या मते तो प्रचार म्हणजे औषधाची चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या तोंडचं एक साधं वाक्य, आणि ते बोलल्यावर त्याच इमारतीत, त्याच दिवशी मिळणारी लस.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. रात्री अकराला कॅज्युअल्टीत जाऊन बसा. मोटरसायकलवरून घसरलेला, गुडघा फुटलेला तरुण येतो. ड्यूटीवरचा डॉक्टर जखम बघता बघता केसपेपरवर दोन अक्षरं लिहितो, टीटी. सिस्टर कुपी फोडतात, दंडाला कापूस लागतो, काम झालं. घ्यायची का, विचार करून सांगा, घरी विचारून या, असलं काही कुणी बोलत नाही. तरुणही कुरकुर करत नाही. उलट द्यायचं राहिलं तर त्याची आईच विचारते, 'धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं नाही का हो?' मोठ्या माणसांच्या लसीकरणाची ही रीत आपल्या समाजात इतकी मुरलेली आहे की ते लसीकरण आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. थोडी जास्तच मुरली आहे म्हणा. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली असली तरी खरचटलं की पुन्हा एक सुई होते. आता टीटीच्या जागी टीडी आली आहे, तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण आहे. कारण घटसर्प मोठ्या मुलांत आणि तरुणांत दिसू लागला होता. लोक अजून तिला टीटीच म्हणतात, माझी काही हरकत नाही.

कुत्रं चावल्यावर येणाऱ्यांचंही तसंच. ही एकच ओपीडी अशी आहे जिथे रुग्ण स्वतः लस मागत येतो. 'पोटात चौदा घ्यावी लागतील का?' हा प्रश्न आजही येतो. वास्तविक ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिल्या दोन सुयांना माणूस धावत येतो, अठ्ठाविसाव्या दिवशी तो शेतात असतो. कुत्रं अजून जिवंत फिरताना दिसतंय, मग कशाला, असा त्याचा हिशेब.

टीटी देताना डॉक्टर जे नकळत करतो त्यावर अमेरिकेत अभ्यास झालेला आहे. सिअॅटल परिसरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत डॉक्टर आणि पालकांमधल्या १११ भेटींचं चित्रीकरण केलं, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आला. काही डॉक्टर म्हणत, 'आज याच्या लशी द्यायच्या आहेत.' काही म्हणत, 'लशींचं काय ठरवलंय तुम्ही?' दुसऱ्या प्रकारच्या सुरुवातीनंतर १०० पैकी ८३ पालकांनी खळखळ केली, पहिल्या प्रकारानंतर २६ जणांनी. त्याहून मोलाचा मला पुढचा भाग वाटतो. पालक नको म्हणाल्यावर निम्म्या डॉक्टरांनी विषय सोडून दिला. उरलेल्या निम्म्यांनी तो धरून ठेवला, आणि त्यांच्यासमोरच्या आधी नको म्हणणाऱ्या पालकांपैकी जवळजवळ निम्मे तिथेच तयार झाले. म्हणजे पहिला नकार हा पुष्कळदा एक प्रश्न असतो.

पण ठामपणे सांगणं आणि दडपून देणं यांत फरक आहे, आणि महाराष्ट्राने तो इतर कुणाहीपेक्षा जवळून पाहिला आहे. १८९७ साल घ्या. पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग समितीचे सोजीर घरझडत्या घेत होते, माणसं उचलून नेत होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर झालेल्या गोळीबाराविषयी या श्रोत्यांना मी सांगायला नको. त्याच वर्षी, त्याच रोगावर, मुंबईत वेगळंच काही चाललं होतं. ओडेसाहून आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारीला ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. तिसरे आगा खान यांनी आपल्या अनुयायांदेखत दंड पुढे केला. पाठोपाठ लोक आले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये ती प्रयोगशाळा गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात.

याच हाफकिन यांच्यावर पुढे बालंट आलं. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली, त्यांतले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने गेले. बाटली दूषित झाली ती मुंबईत की गावात उघडताना, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. हाफकिन यांचं पद गेलं, आणि ते निर्दोष असल्याचं १९०७ मध्ये मान्य झालं. तोपर्यंत शंका पंजाबभर पोचली होती. आमच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचं आहे. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. काही मुली दगावल्या होत्या. त्यांच्या मृत्यूंचा लशीशी संबंध नसल्याचं चौकशीत दिसलं. पण आश्रमशाळांतल्या मुलींची संमती आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनकडून घेतली गेली होती, आणि संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे मारले. लस चांगली होती. विचारण्याचा सोपस्कार मात्र कागदापुरता उरला होता, आणि त्याची किंमत पुढच्या कितीतरी मुलींनी मोजली.

म्हणून मी ओपीडीचा आग्रह धरतो. मोहिमेत टोचणारा अनोळखी असतो. ओपीडीतला डॉक्टर, तिथल्या सिस्टर, दारावरचे मामा हे रुग्णाला ठाऊक असतात. आगा खानांची जागा तिथे त्यांनी घ्यायची असते. 'तुम्ही स्वतः घेतली का डॉक्टर?' हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि त्याला एकच उत्तर चालतं. १६ जानेवारी २०२१ ला कोविडची लस सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेत आम्हीच होतो. त्या काळात मी पाहिलं, की वॉर्डातल्या मावशींनी लस घेतली की त्यांच्या वस्तीतल्या बायका येत. आमच्या फलकांचा असा परिणाम झालेला मला दिसला नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत त्या डॉक्टरांच्या ओपीडीत मी उमेदवारी केली. ते बोलत कमी. दमेकरी काकांशी त्यांचा एक संवाद मला जवळजवळ जसाच्या तसा सांगता येईल, कारण तो ते रोज कुणा ना कुणाशी करत.

'काका, गेल्या श्रावणात ॲडमिट होतात ना?'

'होतो की. ऑक्सिजन लावला होता.'

'यंदा फ्लूची लस घेऊन टाकू. आजच.'

'सुई आहे?'

'सुईच आहे. दंड दोन दिवस दुखेल, अंग कसकसेल. पॅरासिटामॉलची गोळी घ्या, आणि लशीमुळे फ्लू झाला म्हणून गावभर सांगू नका.'

काका हसत. मग हळूच विचारत, 'पैसे?'

इथे घोडं पेंड खातं. बाळाच्या लशी सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात, मोठ्यांच्या बहुतेक विकत. फ्लूची एक सुई हजाराच्या वर, न्यूमोनियाची त्याहून महाग. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. २०१५ मध्ये आपल्या राज्य सरकारने गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली, हे कित्येक मधुमेही रुग्णांना माहीतच नाही. जिथे लस विकतच घ्यायची आहे तिथे डॉक्टरने किंमत आधी सांगावी. दोन लशी परवडत नसतील तर आधी कुठली, हेही सांगावं. खाजगी रुग्णालयांत आता 'वेलनेस पॅकेज'मध्ये सहा-सात लशी एकत्र बांधून देतात. गरज असो नसो, बिल एकच. हा लशीचा प्रचार नव्हे, विक्री आहे, आणि रुग्णाला तो फरक आपण समजतो त्यापेक्षा लवकर कळतो. एकदा कळला की पुढची खरी गरजेची लसही त्याला पॅकेजच वाटते.

फ्लूच्या लशीच्या वेळेबद्दल एक सांगून ठेवतो, कारण इथे आपण परदेशी पुस्तकांची नक्कल करतो. ती पुस्तकं हिवाळ्याआधी टोचा म्हणतात. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. म्हणजे काकांना आठवण करायची ती एप्रिल-मेमध्ये, आंब्याच्या दिवसांत.

फ्लूची लस म्हणजे सर्दीची लस, असा एक समज आमच्या हृदयरोग विभागातही आहे. आठ देशांतल्या ३० रुग्णालयांनी मिळून एक चाचणी केली, बांगलादेश त्यांत होता. हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्यांना, अगदी ७२ तासांच्या आत, निम्म्यांना फ्लूची लस दिली आणि निम्म्यांना नुसतं सलाइनचं इंजेक्शन. वर्षभरात सलाइनवाल्यांतले शंभरात जवळजवळ पाच वारले, लस घेतलेल्यांतले तीनही नाहीत. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अॅंजिओप्लास्टी झालेल्या माणसाला आपण डिस्चार्ज कार्डावर आठ-दहा गोळ्या लिहून देतो. त्या गोळ्यांच्या ओळीत लस अजून आलेली नाही.

डेन्मार्कमध्ये फ्लूची लस घ्या असं सांगणाऱ्या पत्रांचा प्रयोग झाला. ६५ वर्षांवरच्या साडेनऊ लाखांहून अधिक नागरिकांत वेगवेगळ्या मजकुराची पत्रं कुणाला पाठवली, कुणाला नाही. हृदयाला फायदा होतो असं लिहिलेल्या पत्राने लसीकरण ८०.१२ टक्क्यांवरून ८१ वर नेलं. टक्काही वाढला नाही. तिथे मुळात ऐंशी जण घेतात, म्हणून शेवटच्या विसांना हलवायला पत्र पुरलं नसेल. आपण दोन टक्क्यांच्या आत आहोत. आपल्याकडे पत्र कुणी वाचेल न वाचेल, पण समोर बसलेल्या डॉक्टरचं माणूस ऐकतो.

आता ज्यांना लस वेळेवर मिळाली नाही तर नंतर फारशी उपयोगाचीच राहत नाही, असे काही रुग्ण सांगतो. मूत्रपिंडाच्या ओपीडीत क्रिएटिनिन वाढत चाललेला माणूस डायलिसिसवर जाण्याआधी कित्येकदा वर्षानुवर्षं येत असतो. हिपॅटायटिस बीची लस त्याला याच काळात द्यायची, कारण मूत्रपिंड जसजसं थकतं तसतसं शरीर लशीला प्रतिसाद देईनासं होतं. डायलिसिस सुरू झाल्यावर मग दुप्पट मात्रा, चार सुया, आणि तरीही रक्त तपासून बघावं लागतं. पानथरी काढायची असेल तर न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या लशी शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे. अपघातात फुटलेली पानथरी तातडीने काढावी लागते, तिथे आधीचा प्रश्नच नाही. पण नंतर पंधरवड्याने द्यायची ही ओळ डिस्चार्ज कार्डावर लिहायची राहून जाते, आणि तो तरुण चार-पाच वर्षांनी एका रात्रीत तापाने जातो. सर्जन म्हणतो हे फिजिशियनचं काम, फिजिशियनला वाटतं सर्जनने सांगितलं असेल.

बाळाकडे येतो. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीला गोवर उसळला. मग मालेगाव, भिवंडी. मुलं गेली. लगेच 'त्या वस्त्यांतले लोक लसच घेत नाहीत' असा सूर वर्तमानपत्रांतून लागला. काहींची भीती होती, नाकारता येणार नाही. पण अशा वस्तीतलं मूल पहिल्या वर्षात सर्दी, जुलाब, खरूज यांसाठी दवाखान्यात कितीदा येतं ते आमच्या नोंदवहीत बघा. प्रत्येक वेळी औषध देऊन पाठवलेलं असतं. लशीचं कार्ड मागितलेलं नसतं. मागितलंच, तर 'नाक वाहतंय, बरं झाल्यावर आण.' साधी सर्दी, हलका ताप, जुलाब, चालू असलेलं अँटिबायोटिक यांतलं काहीही लस पुढे ढकलायला पुरेसं कारण नाही. हे पाठ्यपुस्तकात आहे, दर प्रशिक्षणात सांगतात, तरी मुलं परत जातात. आईची रोजी बुडालेली असते. ती पुन्हा येत नाही आणि मग आम्ही तिला निष्काळजी म्हणतो.

दुसरं कारण कुपीचं. गोवर-रुबेलाच्या एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात, आणि पावडरीत पाणी मिसळलं की चार तासांत ती फेकून द्यावी लागते. बीसीजीचंही तेच. मंगळवारी दुपारी एकच बाळ आलं तर सिस्टरच्या जिवावर येतं. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब वर द्यायचा असतो, न दिलेल्या बाळाचा कुणी मागत नाही. 'ताई, गुरुवारी या, गुरुवारी चार-पाच जण असतात.' एका बाळासाठीही कुपी फोडा, असं सरकारचंच धोरण आहे. पण वाया गेलेल्या डोसांवरून झापणं बंद होत नाही तोवर ते कागदावरच राहणार. पेंटाव्हॅलंट, टीडी, पोलिओ यांच्या उघडलेल्या कुप्या नीट थंड ठेवल्या तर चार आठवडे चालतात, तिथे तर गुरुवारची सबबही नाही.

टोचल्यानंतर आईला चार गोष्टी सांगायच्या असं प्रत्येक एएनएमला शिकवलेलं असतं. कुठली लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणा. रांग मोठी असली की यांतली तारीखच तेवढी उरते. नेमकी गळते ती त्रासाची गोष्ट. पेंटाव्हॅलंटनंतर रात्री बाळ तापलं, किरकिरलं की घरातले सगळे आईवर उखडतात. सासूबाई म्हणतात, चांगलं खेळतं होतं, सुई टोचून आणलीस आणि दुखणं आणलंस. हीच गोष्ट सिस्टरांनी आदल्या दुपारी सांगितलेली असेल तर ती आई रात्री घरात ठामपणे म्हणू शकते, 'मला सांगितलं होतं, उद्या उतरेल.' बीसीजीचं आणखी वेगळं. टोचल्यावर काहीच होत नाही, आणि दोन-चार आठवड्यांनी दंडावर फोड येतो, फुटतो, पाणी येतं. आई घाबरून हळद भरते, कुणी पोटीस बांधतं. काही लावायचं नसतं, आपोआप खपली धरून व्रण राहतो. जन्मल्या दिवशी प्रसूतिवॉर्डात हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो?

केसपेपर एकाचा असतो, पण बरोबर दोघं-तिघं आलेली असतात, हेही आम्ही विसरतो. पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोग ओपीडीत आलेल्या बाईला बारा वर्षांची मुलगी आहे का, हे विचारायला हवं. एचपीव्हीची लस आता पुण्यातच बनते, आणि नऊ ते चौदा हे तिचं वय.

मला विचाराल तर यासाठी नवी योजना नको, नवं ॲपही नको. मोठ्या माणसाच्या केसपेपरवर मारायचा एक रबरी शिक्का करा. त्यावर टीडी, फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी अशा चार ओळी आणि पुढे तारखेला जागा. केसपेपर काढणाऱ्या क्लार्कनेच तो मारायचा, म्हणजे डॉक्टरला रिकामी जागा दिसत राहील. लसीकरण कक्ष बाराला बंद होतो आणि ओपीडी दोनपर्यंत चालते. त्याची वेळ दोनपर्यंत न्या, आणि शक्य असेल तर तो तिसऱ्या मजल्यावरून खाली आणा, कारण गुडघे धरून आलेल्या आजोबांना जिना चढवून आपण लस पुढल्या खेपेवर ढकलतो. परिचारिकांना आणि मावशींना दर वर्षी आधी टोचा. फ्लूची लस मेमध्ये हाताशी हवी, तर तिचं मागणीपत्र बरंच आधी जावं लागतं. आणि त्या मागणीपत्रावर ज्यांची सही लागते त्यांतले दोघं-तिघं आज पहिल्या रांगेत बसलेले मला इथून दिसताहेत.